नीट ठेवलेली गाडी

टाटा इस्टेट विकायला काढली तेव्हा जाहिरातीच्या मजकुरातलं पहिलंच वाक्य मी असं लिहिलं: ‘मालकाने स्वतः जिवापाड जपलेली.’ लिहून झाल्यावर ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला फार आवडलं. किंमत ठरायच्या आधी ते वाक्य पक्कं झालं होतं. स्वतःबद्दलचं वाक्य इतकं आवडलं की त्याच्याकडे जरा संशयाने बघावं, हे मला एरवी कळतं. दुसऱ्याने लिहिलेलं असेल तर लगेच कळतं.

ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते, म्हणून थोडं सांगतो. टाटा मोटर्सचं नाव तेव्हा टेल्को होतं. 1991 साली त्यांनी सिएरा आणली आणि पुढच्याच वर्षी इस्टेट. लांब छप्पर, मागच्या दाराच्याही पलीकडे काच, आणि त्या काचेखाली सामानाला ऐसपैस जागा, अशी ही स्टेशन वॅगन. ट्रक बांधणाऱ्या कारखान्याने घरगुती गाडीच्या दिशेने टाकलेलं सुरुवातीचं पाऊल. सांगाडा 1988 साली आलेल्या टाटा मोबाईल पिकअपचा, इंजिन 1948 सीसीचं डिझेल, गिअर पाच, ताकद मागच्या चाकांना. आणि या दणकट ऐवजावर एसी आणि बटणावर खाली-वर होणाऱ्या काचा. 1994 साली त्याच इंजिनाची सुमो आली. ती जास्त माणसं घ्यायची, कुठल्याही रस्त्यावर जायची. लोकांनी सुमो उचलली आणि इस्टेट मागे पडली. आम्हा पुणेकरांना या गाड्यांचा एक घरचा अभिमान असतो. त्या चिंचवड-पिंपरीकडे बनल्या, तिथला तो कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला, आणि सुमो हे नाव त्यांच्याच नावावरून आलं, हे आमच्याकडे कुणीही सांगतं. माझ्या इस्टेटचं पासिंग 1996 चं. मी ती सेकंडहँड घेतली होती.

विकायचं का ठरवलं? सगळ्यांना मी एकच कारण सांगत होतो, नियम. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझी मुदत 2026 मध्ये संपत होती. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क 2025 च्या ऑगस्टपासून 10,000 रुपये झालंय, पूर्वी ते 5,000 होतं. वर पर्यावरण कर, फिटनेससाठी चकरा, विमा. पन्नास वर्षांची झाली तर तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळेल, पण तिशीतल्या गाडीला तसला मान नाही. कायद्याच्या लेखी ती नुसतीच जुनी. हे सगळं खरं आहे, आणि मी ते अशा सुरात सांगायचो की ऐकणारा हळहळावा. सरकारने एका रसिक माणसाच्या हातून त्याची गाडी काढून घेतली, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहावं.

खरं कारण साधं होतं. मला कंटाळा आला होता. रविवारी उठून बॅटरी बघायची, थंडीत हीटर प्लगची वाट बघायची, सोसायटीतल्या अरुंद वळणावर ती लांबलचक गाडी मागे-पुढे करायची, याचा कंटाळा. एखाद्या गोष्टीचा कंटाळा येणं यात गैर काय आहे? काहीच नाही. मग ते सांगायला जड का जात होतं? कारण कंटाळा आला असं कबूल केलं की ‘जिवापाड’ हा शब्द लंगडा पडतो. तो शब्द सोडायची माझी तयारी नव्हती.

किंमत समजावून सांगता यावी म्हणून मी पावत्यांची फाइल काढली. नीट ठेवलेल्या जुन्या गाडीचा मोठा पुरावा म्हणजे तिची फाइल. घेणाऱ्याला ती दाखवली की तो आकड्याला फारसा विरोध करत नाही, हे मला ठाऊक होतं. पावत्या तारखेप्रमाणे लावायला बसलो आणि हळूहळू अस्वस्थ होत गेलो. त्या बहुतेक सगळ्या भोसरीच्या एकाच गॅरेजच्या होत्या. आबांच्या. नोझल बदलले, पंप उतरवून दुरुस्त करून आणला, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, मागचे शॉकअप, रेडिएटरला टाका. वरती सुट्या भागांचे आकडे, खाली मजुरीचा. मजुरीचा आकडा जवळजवळ प्रत्येक पावतीवर खोडून पुन्हा लिहिलेला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. ती खाडाखोड माझी होती, म्हणजे माझ्या घासाघिशीची. सुट्या भागांच्या किमतीवर मी कधी हुज्जत घातली नाही, कारण त्या दुकानदाराने छापलेल्या असायच्या. माणसाच्या कामाचा आकडा हाताने लिहिलेला होता, आणि तो खाली आणता येतो हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

मग ‘मालकाने स्वतः’ म्हणजे काय? मी स्वतः काय केलं? गाडी धुतली. टायरची हवा बघितली. काही आवाज आला की काळजीत पडलो आणि ती काळजी भोसरीला नेऊन पोचवली. गाडीखाली उताणा पडून अंगावर ऑइल घेणारा माणूस वेगळा होता. या जुन्या इंजिनाचा भाग मिळत नाही म्हटल्यावर सुमोचा कोणता भाग इथे बसेल हे डोक्यात ठेवणारा माणूस वेगळा होता. एक खोलगट, काळवंडलेला अंगठा आणि त्याच्या बाजूला बसून पाने देणारा एक मुलगा, जो माझ्या डोळ्यांदेखत मोठा झाला आणि ज्याचं पूर्ण नाव मला आजही माहीत नाही. गाडी त्यांनी नीट ठेवली. मी तिला नीट ठेवून घेतलं. या दोन्हींत फरक आहे, आणि पैसे मी दिले एवढ्याने तो बुजत नाही. शिवाय पैसे तरी पुरते कुठे दिले होते?

जाहिरातीतून ‘स्वतः’ हा शब्द मी काढला. बाकीचं वाक्य तसंच ठेवलं. एवढ्यावर समाधान मानलं, हेही इथे लिहायला हवं.

पुढचा प्रश्न होता काय सांगायचं आणि काय नाही याचा. एका पावसाळ्यानंतर डाव्या मागच्या चाकावरची कमान सडली होती. आबांनी कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, वर लांबी भरली, घासली, रंग मारला. काम इतकं सफाईचं की मलाही जागा शोधावी लागते. दुसरी गोष्ट मीटरची. मीटरची केबल मध्यंतरी तुटली होती आणि मी ती बराच काळ तशीच राहू दिली. त्या काळात गाडी कोकणात जाऊन आली, सोलापूरला जाऊन आली, आणि मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. मी मीटर मागे फिरवलेलं नाही. तसं करणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. पण जाहिरातीत मी मीटरवरचा आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, ‘मूळ मीटर’. आकडा मीटरवर आहे तोच. मीटरही मूळचंच. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून मी एक खोटी गोष्ट उभी केली होती, आणि खोटं बोललास असं मला कुणी म्हणू शकलं नसतं.

याला माझ्याकडे एक तत्त्वही तयार होतं: विचारलं तर सांगीन. हे तत्त्व किती सभ्य वाटतं! त्यात लपवाछपवी नाही, प्रश्न विचारायचा अधिकार समोरच्याला दिलेला आहे. पण ज्याला ती कमान सडली होती हे माहीतच नाही, तो त्याबद्दल विचारणार कसा? जे फक्त मला ठाऊक आहे त्याबद्दल प्रश्न विचारायची जबाबदारी मी त्याच्यावर टाकत होतो. बाजारात हे सर्रास चालतं, घेणाऱ्यानेच बघून घ्यावं म्हणतात. मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत आलो. आणि फसवणाऱ्या विक्रेत्यांबद्दल, बिल्डरांबद्दल, भाजीत खालचा माल वर येऊ न देणाऱ्यांबद्दल मी जे काही बोललोय, ते सगळं हे तत्त्व खिशात ठेवूनच बोललोय.

नारायणगावकडचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. भाजीच्या रोपांची नर्सरी आहे त्यांची. बरोबर भाचा होता. त्यांनी आधी मागचं दार उघडलं, आसन पाडून बघितलं आणि हाताने लांबी-रुंदी मोजायला लागले. रोपांचे ट्रे किती बसतील याचा हिशेब चालला होता. तो हात त्या आसनावरून फिरताना माझ्या मनात जे आलं ते मला झाकायचं नाही: हा माणूस माझी गाडी राबवणार. यात माती सांडेल, पाणी सांडेल, कोकोपीटचा वास बसेल. मी इतकी वर्षं मागे साधी भाजीची पिशवीसुद्धा कागद अंथरल्याशिवाय ठेवू दिली नाही, त्यावरून घरात बोलणी खाल्ली, आणि आता तिथे ट्रे? त्याच वेळी माझं बोलणंही बदललं. वाक्यं आखडती झाली. ‘तुम्हाला ही कशी परवडेल’ असं मी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या सुरातून त्यांना ते ऐकू गेलं असणार. ते मला साहेब म्हणत होते आणि मी ते म्हणू देत होतो.

त्यानंतर त्यांनी बाहेरून गाडीभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेराने पत्र्यावर हलकेच टकटक करत. डाव्या कमानीपाशी आवाज बदलला. ते काही बोलले नाहीत. थोडं मागे आले आणि तीच जागा पुन्हा वाजवली. तेव्हा मी म्हणालो, “तिथे पत्रा बदललाय, लांबी आहे. मी सांगणारच होतो.”

सांगणारच होतो? खरंच? त्या वाक्याचा मी नंतर बराच विचार केला. कदाचित सांगितलंही असतं, निघताना, पैशाचं बोलणं झाल्यावर, जाता जाता म्हणून. पण नक्की सांगितलं असतं असं मला म्हणता येत नाही. आणि आता ते कधीच सिद्ध होणार नाही, कारण माझा खरेपणा त्यांच्या बोटाच्या मागून आला. पकडलं जाण्याच्या बेतात असताना जे खरं बोलतो, त्याची किंमत काय? शून्य नाही, असं मला वाटतं. पण मी ती जेवढी लावत होतो तेवढी नक्कीच नाही. कारण लगेच पुढे, काहीशा उसन्या मोकळेपणाने, मी मीटरच्या केबलचंही सांगून टाकलं. आणि त्यांनी मान हलवली तेव्हा मनात काय आलं? आता तरी या माणसाला कळेल की आपण कुणाशी बोलतोय. कबुलीतूनसुद्धा मला प्रतिष्ठाच हवी होती.

ते म्हणाले, “साहेब, जुन्या गाडीत लांबी नसेल तर ती गाडीच खोटी. काम चांगलं झालंय.” त्यांनी सुमो बरीच वर्षं चालवली होती, इंजिन हेच. बॉनेट उघडून गाडी चालू करायला लावली, ऑइलचं झाकण काढून वर येणारी वाफ बघितली, हात लावून पाइपांची नरमाई बघितली. इंजिनाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. ‘हा नीट ठेवणार नाही’ हे मी कशावरून ठरवलं होतं? त्यांच्या चपलेवरून, गाडीतल्या ट्रेच्या कल्पनेवरून, बोलण्याच्या ढंगावरून. माझ्याकडे दुसरा कसलाही आधार नव्हता. हे लिहिताना मान खाली जाते.

त्यांनी सांगितलेली किंमत माझ्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी वर होती.

मुंबईचे एक संग्राहक होते, त्यांनी एजंटमार्फत फोनवरच माझ्या आकड्याला जवळजवळ होकार दिला होता. त्यांच्याकडे जुन्या गाड्या बऱ्याच. आच्छादनाखाली ठेवतात, प्रदर्शनाला नेतात. ‘योग्य माणसाच्या हातात जाते आहे’ असं मी घरी म्हणूनही टाकलं. योग्य म्हणजे? जो तिला माझ्यासारखंच ठेवील. किंवा त्याहून स्पष्ट सांगायचं तर, जो मला हवी ती किंमत देईल आणि वर मला असंही वाटू देईल की मी इतकी वर्षं केलं ते वेडेपण नव्हतं. इथे मला किमतीचं कोडं थोडं उलगडलं. माझा आकडा मी कसा काढला होता? फाइलमधला खर्च बेरजेला धरून. पण तो खर्च तर मी वापरून संपवला होता. त्या पैशांत मी कोकण पाहिलं, मुलांना शाळेत सोडलं, भर पावसात सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. ते सगळं भोगून झाल्यावर त्याचेच पैसे पुन्हा मागणं म्हणजे जेवण झाल्यावर पाहुण्याकडून किराण्याचं बिल घेण्यासारखं आहे. तीस वर्षांच्या गाडीला बाजारभाव असा नसतोच. विम्याची किंमत आपसात ठरवलेली, भंगाराची किंमत वेगळी, हौशी माणसाची आणखी वेगळी. मोजायला काहीच नसलं की माणूस त्या आकड्यात आपल्या मनातलं सगळं भरतो.

आता सगळ्यात अवघड भाग. नारायणगावच्या माणसाला नाही म्हणावं असं वाटत होतं, आणि नेमकं त्याच रात्री मला हवेची आठवण झाली.

ही गाडी बनली तेव्हा भारत स्टेज वगैरे काही नव्हतं. डिझेलला पहिले नियम 1992 च्या आसपास लागले तेही ढिले. आजच्या गाडीत धूर गाळायला जे काही असतं त्यातलं हिच्यात काहीही नाही. माझ्याकडे पीयूसी कायम असायचं, दर सहा महिन्यांनी. पण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा गडदपणा मोजतात, आणि अशा जुन्या इंजिनाला 65 हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे. डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिथल्या कितीतरी गाड्या ना-हरकत घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. पुण्यात तशी बंदी नाही, म्हणून मी निवांत होतो. तर त्या रात्री मला वाटलं, नर्सरीवाला ही रोज चालवणार, संग्राहक वर्षातून मोजके दिवस. हवेच्या दृष्टीने बघितलं तर संग्राहकच बरा नाही का?

युक्तिवाद चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. पण तो कधी आला? मी स्वतः ती गाडी वर्षानुवर्षं शहरभर फिरवत होतो तेव्हा आला नाही. सिग्नलला मागचा दुचाकीवाला रुमाल नाकाला लावायचा, ते आरशात दिसायचं, तेव्हा आला नाही. कमी पैसे देणारा माणूस दारात आला तेव्हा आला. चांगली कारणं मला लागतील तेव्हाच आणि माझ्याच सोयीच्या बाजूने का धावून येतात? सदसद्विवेक असा वेळ बघून जागा होत असेल, तर तो विवेक आहे की माझाच वकील? आणि तरीही, वकिलाने मांडलेला मुद्दा खरा असू शकतो ना? हेतू खोटा म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. इथे मी बराच अडकून पडलो. अजून पूर्ण सुटलेलो नाही.

एवढं मात्र दिसलं की हवेचा मुद्दा खरोखर माझा असेल, तर त्याचा रोख आधी माझ्याकडे हवा. मग प्रामाणिक पर्याय एकच उरत होता, गाडी अधिकृत भंगार केंद्रात देणं. नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्क्यांच्या आसपास भंगारमूल्य, प्रमाणपत्र, विषय संपला. त्याचा विचार केला आणि पोटात कालवलं. नाही देववत. म्हणजे हवेसाठी मी स्वतः काहीच सोडायला तयार नव्हतो. फक्त नर्सरीवाल्याने सोडावं अशी माझी इच्छा होती.

तेवढ्यात एजंटाचा निरोप आला. फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून द्या, तारीख घालू नका, नाव आम्ही सवडीने चढवू, पैसे आजच. हे आपल्याकडे रोज चालतं. कायदा सांगतो की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत कळवायचं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय की नोंद बदललेली नसेल तर अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. मी नकार दिला. आणि नकार दिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं, तसं लक्षात आलं की या सगळ्या विचारात मी फक्त मला होणारा त्रास मोजला होता. कोर्टाची नोटीस माझ्या दारी येईल. कुणी गाडीखाली सापडला असता, त्याच्या घरच्यांना भरपाईसाठी कुणाच्या मागे धावायचं हेच कळलं नसतं, ते माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. कायदा बहुधा त्यांच्यासाठीच असेल, माझ्यासाठी नाही.

या गडबडीत मी एकदा भोसरीला गेलो. मनात होतं की गाडी विकल्यावर आबांना काही रक्कम द्यावी. ती फाइल डोळ्यांपुढून जात नव्हती. मी मोठ्या मनाने काहीतरी करणार आहे, अशी एक ऊब वाटत होती. आबा कुणाच्या तरी गाडीचं चाक बसवत होते. मी म्हटलं, “आबा, गाडी विकतोय. तुमचे हात लागलेत तिला. विकल्यावर तुम्हाला काही द्यायचं मनात आहे.”

त्यांनी नट आवळता आवळता म्हटलं, “द्या की. क्लच प्लेटच्या वेळचे दीड हजार राहिलेत तसेही.”

मला आठवेना. मग आठवलं. नंतर देतो म्हणालो होतो, सुट्टे नाहीत म्हणून. त्यांनी ते कधी काढलं नव्हतं, आणि विसरलेही नव्हते. मी बक्षीस द्यायला गेलो होतो आणि देणेकरी निघालो. मी त्यांना विचारलं, “इतके दिवस बोलला का नाहीत?” ते म्हणाले, “तुम्ही आधीच दर वेळी कमी करून घेता. पुन्हा बोलायचं म्हणजे तुम्ही दुसरीकडे गेला असता.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. धंद्याचा हिशेब होता. आमच्यात आपुलकी आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि होतीही असेल. पण त्या आपुलकीच्या एका टोकाला गिऱ्हाईक जाण्याची भीती होती, ते मला कधी दिसलं नाही. दिसायची गरजच पडली नाही, कारण भीती माझ्या टोकाला नव्हती.

ते पैसे मी त्या दिवशी दिले. व्याज, वाढलेल्या किमती, असलं काही जोडायला लागलो तर आबांनी हात वर केला. जेवढे राहिले तेवढेच घेतले.

गाडी शेवटी नारायणगावला गेली, त्यांच्या आकड्याला. ते का, याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. थोडी शरम होती. थोडा विचारही होता: जी गाडी पिकअपच्या सांगाड्यावर ओझं वाहायला बनली, तिला ओझ्यापासून जपणं म्हणजे जपणं की अडवून ठेवणं? कागद अंथरून मी गाडी वाचवत होतो की तिच्यावरचा माझा हक्क? हवेचा प्रश्न मी सोडवला नाही. देण्याआधी माझ्या खर्चाने पंप आणि नोझल आबांकडून बघून घेतले, मजुरीचा आकडा त्यांनी लिहिला तो खोडला नाही. धूर कमी झाला. गेला नाही. नारायणगावच्या रस्त्यावर कुणाच्या तरी नाकात तो आता जात असेल, आणि त्यात माझा वाटा आहे.

फॉर्म दोघांनी समोरासमोर भरले, तारखेसकट. एका कागदावर मी माहीत असलेलं सगळं लिहून दिलं. कमान, केबल, पहाटे दुसरा गिअर अडतो ते, पावसात उजव्या मागच्या काचेतून पाणी येतं ते. खाली आबांचा पत्ता. तो कागद वाचून ते म्हणाले, “हे आधी दिलं असतंत तर मी टकटक केली नसती.” मी काही उत्तर दिलं नाही.

परवा एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की मुंबईच्या त्या संग्राहकांना दुसरी एक इस्टेट मिळाली, मी मागत होतो त्याहूनही जास्त पैशांना. ऐकल्यावर मी लगेच मनात वजाबाकी केली. जो आकडा आला तो मला अजून पाठ आहे.